जुनी मोटरसायकल ओव्हर होते, प्लग ओला होतो, किक मारून सुरू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत अजून कितीतरी घरांच्या सोप्यात एखादी जुनी बुलेट, येझदी, जावा, राजदूत किंवा आरएक्स १०० उभी असते. कुणाच्या वडिलांनी तिच्यावर पायलटचा (मोटरसायकल टॅक्सीचा) धंदा केलेला असतो, कुणी हौसेने विकत घेऊन उभी केलेली असते. या गाड्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: गाडी ओव्हर होते, म्हणजे इंजिनात नको तेवढं पेट्रोल साचतं. खालची उत्तरं कार्बोरेटर, किक आणि पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी वीज तोडणारे-जोडणारे संपर्क असलेल्या) गाड्यांसाठी आहेत. इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांना ती लागू नाहीत.

गाडी ओव्हरच झाली आहे हे नक्की कसं ओळखायचं?

प्लग काढून बघा. त्याशिवाय कुठलाही अंदाज बांधू नका. प्लगचं टोक ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल आणि बोटाने पुसल्यावर ओल पटकन उडून जात असेल, तर इंजिनात पेट्रोल साचलं आहे. बोटं चोळल्यावर तेलकटपणा मागे राहिला तर ते ऑइल आहे, तो आजार वेगळा. टोक कोरडं पण मऊ काळ्या काजळीने भरलेलं असेल तर गाडी ओव्हर झालेली नाही. ती जास्त पेट्रोलवर चालते आहे, म्हणजे फिल्टर, चोक किंवा जेटकडे (पेट्रोल मापात सोडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या तुकड्याकडे) बघायचं. आणि प्लग अगदी कोरडा, स्वच्छ असेल तर पेट्रोल पोचतच नाही.

याशिवाय कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो पाइपातून थेंब पडणं, किक मारताना सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा भपका येणं, सुरू झालीच तर काळा धूर सोडत भकभकत चालणं, या खुणा आहेतच. पण शेवटचा निकाल प्लगच देतो.

मी आत्ता रस्त्यात अडकलो आहे. आधी काय करू?

आधी किक मारणं थांबवा. ओव्हर झालेल्या गाडीला मारलेली प्रत्येक किक आत आणखी पेट्रोल ओढते. पेट्रोल कॉक बंद करा, चोक लागलेला असेल तर काढा, चावी बंद करा. कार्बोरेटरखाली पेट्रोल सांडलं असेल तर फडक्याने पुसा आणि ते फडकं इंजिनापासून लांब ठेवा.

आता ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून सावकाश आठ-दहा किका मारा. बुलेटवर डीकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून धरा म्हणजे पायाला जोर पडणार नाही. ॲक्सिलरेटरने उचलली जाणारी कार्बोरेटरमधली स्लाइड पूर्ण उघडी असली की सिलिंडरमधून हवा खेळते आणि साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. मग पाच-दहा मिनिटं गाडीला तशीच राहू द्या. त्यानंतर प्लग पुसून लावा, जवळ नवा असेल तर नवाच लावा. चावी सुरू करून, कॉक बंदच ठेवून, चोक न लावता, ॲक्सिलरेटर किंचित उघडून नेहमीसारखी किक मारा. कार्बोरेटरच्या चेंबरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती सुरू होते. इंजिन स्थिर झालं की मग कॉक उघडा.

तरीही नाही झाली तर प्लग काढून ठेवा आणि प्लगच्या भोकातून आतलं पेट्रोल उडून जाऊ द्या. या वेळी किक मारायची असेल तर चावी बंदच हवी आणि तोंड भोकासमोर नको. उतार मिळाला तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन बघायला हरकत नाही, पण ओला प्लग तसाच ठेवून दिलेला धक्का फुकट जातो.

किक खाली जातच नाही, पाय अडतो. जोर लावू का?

अजिबात नको. कॉक रात्रभर उघडा राहिला आणि फ्लोटची पिन (चेंबर भरल्यावर पेट्रोलची वाट बंद करणारी) गळकी असली तर कधीकधी पिस्टनच्या वर बरंच पेट्रोल जमतं. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. अंगाचा भार टाकून किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, किकचे दाते तुटू शकतात. प्लग काढा, चावी बंद ठेवून हाताने किक हळूहळू खाली न्या. पेट्रोल बाहेर येईल. त्यानंतर इंजिनचं ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका, कारण त्यातलं काही पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली उतरलेलं असतं.

प्लग गॅसवर किंवा लायटरने तापवून सुकवला तर चालेल?

नाही. आपल्याकडे ही पद्धत फार जुनी आहे, पण पेट्रोलने भिजलेला प्लग आणि पेट्रोलचे हात घेऊन आगीजवळ जायचं कारणच नाही. शिवाय एका जागी अचानक तापल्याने आतल्या चिनी मातीला तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. फडक्याने पुसा, मऊ ब्रशने काजळी काढा, उन्हात ठेवा. टूलबॉक्समध्ये गॅप लावलेला एक जादा प्लग आणि प्लगचा पाना कायम हवाच.

सकाळी गाडीखाली पेट्रोलचं थारोळं असतं. दोष कुठे?

बहुतेक वेळा एका नाही, दोन ठिकाणी. कॉक बंद असूनही गळतो आणि फ्लोटची पिनही नीट बसत नाही. दोन्ही एकत्र असल्याशिवाय कॉक बंद केलेल्या गाडीचं पेट्रोल कार्बोरेटरमधून रात्रभरात खाली येत नाही. एकच दुरुस्त केलं तर काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

कॉक तपासणं सोपं आहे. कार्बोरेटरकडचा पाइप काढा, त्याचं टोक बाटलीत धरा, कॉक बंद स्थितीत ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा. एक थेंबही पडता कामा नये. पडला तर आतलं वॉशर गेलं. जुन्या कॉकमध्ये बुचाचं वॉशर असतं. गाडी बरेच दिवस कोरडी उभी राहिली की ते आकसतं. कॉकला आतून चर पडले असतील तर वॉशर बदलूनही भागत नाही, अख्खा कॉक बदला.

आता पिन. टाकीतून पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. चेंबर भरला की फ्लोट वर उचलला जातो आणि पिन बसकणीत घट्ट बसवून वाट बंद करतो. एवढ्या छोट्या पिनवर सगळा भार असतो. भिंग घेऊन तिचं निमुळतं टोक उजेडात धरा. नवी पिन गुळगुळीत असते. झिजलेल्या पिनवर गोल कडी उमटलेली दिसते, नखाने जाणवतेही. कडी असेल तर पिन बदला, घासून सरळ करायच्या नादी लागू नका. ज्या पितळी बसकणीत ती बसते तीसुद्धा बघा. मिळत असेल तर दोन्ही जोडीनेच बदला, कारण नवी पिन जुन्या बसकणीत पटकन जमत नाही.

पिन चांगली असूनही गळत असेल तर मध्ये कचरा अडकला आहे. आपल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी आतून गंजते, त्या गंजाची पूड खाली येते आणि एक कणही पिनला बसू देत नाही. पाइपवर छोटा फिल्टर लावा, पण मूळ दुखणं टाकीत आहे हे विसरू नका.

तिसरी गोष्ट लेव्हलची. फ्लोटची उंची चुकीची लावलेली असेल तर पिन कितीही चांगली असो, पेट्रोल वरून वाहणारच. मिककार्ब व्हीएम जातीच्या कार्बोरेटरवर चेंबरच्या तळाच्या बोल्टजागी नळी बसवून ती पारदर्शक नळी बाजूने वर धरली की आतलं पेट्रोल कुठवर आहे ते बाहेरून दिसतं. ते चेंबर आणि कार्बोरेटरच्या जोडापेक्षा थोडं खालीच थांबायला हवं. तुमच्या मॉडेलचं नेमकं माप मॅन्युअलमधून घ्या. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करूनच हे बघायचं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, लेव्हल बदलते आणि लेव्हल आधीच काठावर असलेली गाडी तेवढ्यानेच गळायला लागते.

फ्लोट फुटका आहे हे कसं कळेल?

कानाजवळ धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फुटका. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा. आतली हवा प्रसरण पावते आणि छिद्रातून बुडबुडे येतात. अमल आणि जिकॉव्हच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये पितळी फ्लोट सापडतो आणि त्याला डाग मारून (सोल्डर करून) घ्यायची पद्धत आहे. पण दोन गोष्टी सांभाळा. आतलं पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण गेल्याशिवाय तापवायला देऊ नका, फ्लोट फुटतो आणि हाताला-डोळ्याला इजा होते. दुसरं, डाग जाड पडला की फ्लोट जड होतो, जड फ्लोट पेट्रोलात खोल बसतो आणि पिन उशिरा बंद होते. म्हणजे भोक बुजलं तरी गाडी ओव्हरच. नवा फ्लोट मिळत असेल तर तोच घ्या.

प्रत्येक वेळी कॉक बंद करणं खरंच गरजेचं आहे का?

हो. फेरीबोटीवर गाडी चढवली, कॉक बंद. देवळाच्या पायरीशी लावली, कॉक बंद. बाजारात दहा मिनिटांचं काम असलं तरी बंद. नव्या गाड्यांची सवय लागलेल्या मुलांना हे जाचाचं वाटतं, पण या गाड्या अशाच बनलेल्या आहेत. घरी पोचताना शेवटच्या वळणावरच कॉक बंद केला तर चेंबरमधलं पेट्रोलही थोडं कमी होतं.

कार्बोरेटर पूर्ण साफ केला, लेव्हल लावली, तरी प्लग ओलाच. असं का?

कारण पेट्रोल बरोबर येतंय, जळत नाही. ओला प्लग दोन गोष्टी सांगू शकतो: पेट्रोल जास्त, किंवा ठिणगी कमी. आपल्याकडे पहिलीच शक्यता धरून कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडला जातो आणि चांगल्या स्क्रूंची डोकी झिजतात. मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण निम्मा वेळ वाचला असता.

प्लग कॅपमध्ये घालून सिलिंडरच्या फिनवर टेकवा, पण प्लगच्या भोकापासून शक्य तेवढा लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. किक मारल्यावर ठिणगी निळसर आणि कडक हवी. पिवळी, बारीक, मधेच चुकणारी असेल तर पॉइंट उघडा. पावसाळ्यानंतर पॉइंटच्या तोंडावर ऑक्सिडेशनचा थर हमखास असतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर फारच. बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पेपरची पूड पुसून काढा. बुलेटवर पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. पॉइंट उघडताना तिथेच मोठी ठिणगी उडत असेल आणि एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा झाला असेल तर कंडेन्सर गेलेला आहे. थंड असताना चालणारी आणि गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी पुष्कळदा याच कंडेन्सरमुळे अडते.

बॅटरीवर इग्निशन असलेल्या गाडीत बॅटरी अर्धमेली असली तरी ठिणगी मरते. हॉर्न दबका वाजत असेल तर आधी तिकडे बघा. बुलेटवर आणखी एक जागा आहे: डीकॉम्प्रेसरची केबल ताणून बसलेली असेल तर झडप किंचित उघडीच राहते, कॉम्प्रेशन जातं आणि प्लग ओला होतो. केबलमध्ये थोडी ढील हवी.

जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवली होती. चवथीला काढली तर ओव्हर होतेय.

दरवर्षी याच दिवसांत हा प्रश्न येतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो. पिन त्या थरात चिकटते, कधी बंद स्थितीत, कधी उघड्या. उघडी चिकटली की ओव्हर.

चेंबर काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवा, जेट उजेडात धरून बघा. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. हवेच्या प्रेशरने साफ करा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरा. पुढच्या वर्षी मृग लागण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, मग चेंबरचा तळबोल्ट काढून उरलेलं पेट्रोल काढा. टाकी मात्र गळ्यापर्यंत भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही. फार दिवस ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी, कोरडी करून आतून ऑइल फिरवा.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होतं का?

थेट नाही. इथेनॉलमुळे मिश्रण उलट थोडं पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पडते. पण जुन्या गाडीतलं रबर आणि बुच या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. रबरी टोकाची पिन फुगली की नीट बसत नाही. इथेनॉल टाकीतला जुना थरही सोडवतं आणि तो खाली येतो. तसंच ते हवेतलं पाणी धरतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कॉकही तळाशीच असतो. पाइप, वॉशर आणि पिन इथेनॉल सोसणारी, विटॉनची घ्या. गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा.

चोक आणि टिकलर (फ्लोट दाबून चेंबरमध्ये पेट्रोल चढवणारं बटण) किती वापरायचा?

गोव्यात ऐन थंडीतही किनाऱ्यावर सकाळचा पारा साधारण २०च्या आसपास असतो. त्यामुळे पहिल्या थंड स्टार्टला चोक पुरतो, गरम इंजिनाला कधीच नाही. मिककार्ब व्हीएमवर चोकची वाट वेगळी असते आणि ॲक्सिलरेटर बंद असतानाच ती पेट्रोल ओढते. चोक लावून ॲक्सिलरेटर पिळणं म्हणजे चोकचा फायदाही घालवणं. टिकलरवर पेट्रोल बाहेर दिसलं की बोट काढा. पेट्रोल वाहेपर्यंत दाबून धरायची सवय घरच्या मोठ्यांकडून आलेली असते, ती सोडलेली बरी.

मे महिन्यात गाडी थोडा वेळ थांबवली की परत सुरू होत नाही.

गरम इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळल्यासारखं होऊन आत सरकतं. चोर्ला घाट चढून वर चहाला थांबलेल्यांना हे ठाऊक असेल. थांबताना कॉक बंद करा, सुरू करताना चोक नाही, टिकलर नाही, ॲक्सिलरेटर पाव उघडा. कार्बोरेटर आणि सिलिंडर हेडच्या मध्ये उष्णता अडवणारी जाड पट्टी असते. कुणी ती काढून नुसतं कागदी गॅस्केट लावलं असेल तर परत बसवून घ्या.

येझदी, जावा, आरएक्सचं काही वेगळं असतं का?

असतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, मग वर. त्यामुळे ओव्हर झाली की पेट्रोल खाली साचून राहतं आणि नवा प्लग लावला तरी दोन किकांत तोही भिजतो. कॉक बंद, प्लग काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, चावी बंद, आणि भरपूर किका. घाई केली तर चार प्लग वाया जातात. प्लग तेलकट असेल, गिअर ऑइल कमी होत असेल आणि पांढरा धूर थांबत नसेल तर क्लचकडचा क्रँक सील गेला आहे. ते काम इंजिन उघडल्याशिवाय होत नाही.

ऑइलला पेट्रोलचा वास येतोय. चालवू का?

नाही. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला वाचवत नाही. आधी गळती दुरुस्त करा, मग ऑइल बदला. उलटा क्रम केला तर नवं ऑइलही जाईल.

आम्ही खाणपट्ट्यात राहतो. धुळीचा संबंध आहे का?

आहे. डिचोली, साखळी, सांगे भागातली तांबडी धूळ एअर फिल्टरमध्ये बसते, हवा कमी पडते, पेट्रोल जास्त. प्लग काळा पडतो आणि गाडी सहज ओव्हर होते. फिल्टर काढून गाडी चालवायचा मोह टाळा, तीच धूळ सिलिंडर खाते.

पुराच्या पाण्यात बुडाली तर?

किक मारू नका. प्लग काढून पाणी काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर बदला, टाकी आणि चेंबर रिकामे करा. मगच पुढचं.

आगीची कितपत भीती?

पुरेशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. सोप्यात गळकी गाडी, समोर अंगणात तुळशी वृंदावन आणि संध्याकाळी तिथे दिवा, हे आपल्या घरांतलं रोजचं चित्र आहे. गळती थांबेपर्यंत गाडी उघड्यावर, घरापासून दूर ठेवा. किक मारताना इंजिनाने उलटी फुंकर मारली तर कार्बोरेटरच्या तोंडाशी जाळ येतो, म्हणून सांडलेलं पेट्रोल पुसल्याशिवाय किक नको. आग लागलीच तर आधी कॉक बंद करता येतो का बघा. कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक वापरा. पाणी ओतू नका, जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

जुना कार्बोरेटर फेकून स्वस्तातला नवा लावू का?

माझं मत: शक्यतो नको. मूळ कार्बोरेटर बॉडीपाशी झिजलेला नसेल तर पिन, फ्लोट, वॉशर, पायलट आणि मेन जेटचा संच बदलून तो चांगला चालतो. स्वस्त नकलेत जेटची मापं मेळ खात नाहीत आणि नवी डोकेदुखी सुरू होते. स्लाइड बॉडीत खडखड हलत असेल तर मात्र बदलायलाच हवा. तेव्हा त्याच मापाचा, खात्रीच्या दुकानातून घ्या. म्हापसा, मडगाव, फोंडा इथे जुने भाग ठेवणारी दुकानं आहेत. मूळ कार्बोरेटर जपून ठेवा.

मेकॅनिककडे नेताना काय सांगू?

‘ओव्हर होते’ एवढंच सांगू नका. थंड असताना होते की गरम, कॉक बंद असताना गळते का, प्लग ओला होता की काळा की तेलकट, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, आणि आधी कुणी काय उघडलं. काढलेला प्लग न पुसता कागदात गुंडाळून सोबत न्या. आणि पिन बदलली तर जुनी पिन परत मागून घ्या.